सहाव्या नंबरचा बोर्ड

दिनानाथ कर्णिकांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्यामुळे एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं कुणाशी बिनसलं नाही, आणि फारसं काही जमलंही नाही. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट खात्याचे इंजिनिअर म्हणून लागले आणि आता त्याच खात्याचे सीनियर इंजिनिअर म्हणून निवृत्त व्हायला निघाले होते. मधल्या काळात कमावला तो एवढा एक शब्द. नोव्हेंबरअखेर त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. दोन वर्षांच्या मुदतवाढीसाठी त्यांनी केलेला अर्ज जनरल मॅनेजर हरेश सरांच्या टेबलावर, गणपतीच्या पितळी मूर्तीखाली दबून पडला होता. रोज काही ना काही निमित्त काढून ते त्या केबिनमध्ये डोकावत आणि अर्ज जागेवर आहे ना, एवढं बघून येत.

भाद्रपदात एके दिवशी हरेश सरांनी स्वतःहून त्यांना बोलावलं.

"कर्णिक, शेठना घरबसल्या प्लांट बघायचाय. आपला तो सर्व्हर आहे ना, त्याच्यावर बाहेरून आत शिरता येतं म्हणे?"

"येतं सर. लायसन्स घेतलंय आपण. पाच जणांचं."

"बस्स. मग दसऱ्याच्या मुहूर्तावर चालू करून टाकू. शेठ, सनीबाबा, मी, आणि जिज्ञासा मॅडम." जिज्ञासा मॅडम म्हणजे एचआरच्या प्रमुख. त्यांना प्लांटमधलं काय बघायचं होतं हे त्यांनाही माहीत नसावं, पण यादीत नाव नसणं त्यांना चाललं नसतं. हरेश सरांनी आवाज खाली घेतला. "आणि ऐका. हे नीट चाललं ना, तर दिवाळीपासून सुट्टीच्या दिवशी बोर्डवर माणूस कशाला? मग सेकंड शिफ्टलाही कशाला? सगळे घरून बघतायत की. हरिचंद्रला एवढ्यात काही बोलू नका. तुमचा अर्ज आहे माझ्या लक्षात."

दिनानाथ "हो सर" म्हणाले. दुसरं काही म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

हरिचंद्र हा बोर्डमन. बोर्ड म्हणजे कंट्रोल रूममधला तो एक संगणक, जिथून सगळा प्लांट चालतो. रिअ‍ॅक्टरला वाफ सोडायची, बंद करायची, थंड पाणी चालू करायचं, ते सगळं तिथून. आज जिथे कारखान्याचा कूलिंग टॉवर उभा आहे तिथे एके काळी हरिचंद्रच्या बापाचं भाताचं खाचर होतं. जमीन गेली त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती हरिचंद्रला. सव्वीस वर्षं तो ते खाचर बोर्डवरून कसत होता. धाकटी करिष्मा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं शिक्षण संपेपर्यंत नोकरी टिकली पाहिजे, असं तो डबा खाताना रोज म्हणे, आणि दिनानाथ रोज "टिकेल रे" म्हणत. त्या दिवसापासून "टिकेल रे" म्हणताना घास त्यांच्या घशाखाली उतरेना.

सर्व्हर बसवून देणाऱ्या कंपनीचा माणूस जाताना बजावून गेला होता. एका वेळी आत पाचच जण. त्यात बोर्डही मोजायचा. सेटिंगमध्ये बोर्डाची जागा राखून ठेवणारी एक खूण आहे, तिला हात लावू नका. म्हणजे बोर्ड एक आणि बाहेरचे चार. हिशेब अगदी चोख बसला होता. पण जिथे माणसं आली तिथे हिशेब कुठला बसायला!

आधी नावांवरून रामायण झालं. सर्व्हर नावं अक्षरांच्या क्रमाने लावी, त्यामुळे जिज्ञासा मॅडम हरेश सरांच्या वर आल्या. हरेश सरांनी ती यादी बघितली आणि चष्मा काढून पुसला. दिनानाथांनी लगेच प्रत्येक नावापुढे आकडा घातला. एक शेठ, दोन सनी, तीन हरेश, चार जिज्ञासा, पाच बोर्ड. मग सरांनी आणखी एक फर्मान काढलं, की आत कोण कोण आहे ते प्रत्येकाच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसलं पाहिजे. शेठना कळायला हवं की सर सुट्टीच्या दिवशीही प्लांटवर नजर ठेवून आहेत. दिनानाथांनी तेही करून दिलं. ह्या चौघांना बघायचा हक्क होता, हलवायचा नव्हता. हलवायचा हक्क फक्त बोर्डाला.

आणि मग, दसऱ्याला चार दिवस राहिले असताना, हरेश सर सहज म्हणून गेले, "एवढं केलंत, तुमचंही नाव टाका की त्यात."

माणसाला मोह कशाचा पडेल सांगता येत नाही. एकतीस वर्षांत ज्यांनी कधी कंपनीची डायरीसुद्धा मागून घेतली नाही, ते दिनानाथ त्या एका वाक्याने पाघळले. शेठच्या यादीत आपलं नाव! खरवईला नव्या कॉम्प्लेक्समध्ये त्यांनी फ्लॅट घेतला होता. मुलीचं, सुरुचीचं लग्न ठरलं होतं आणि होणारे व्याही पहिल्या दसऱ्याला जेवायला यायचे होते. मालिनीवहिनींनी तर तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की लॅपटॉप पूजेत मांडायचा आणि प्लांट चालू करून ठेवायचा. म्हणजे व्याह्यांना कळेल, कुठल्या पदावरचा माणूस आहे ते.

पण बोर्डाची जागा राखीव ठेवणारी ती खूण सहावं नाव घेईना. दिनानाथांनी ती काढली. आकडे बदलले. पाच दिनानाथ, सहा बोर्ड. मनाची समजूत घालायला माणसाला फार वेळ लागत नाही. बोर्ड काय, तो चोवीस तास चालूच असतो, एकदा आत शिरलेला कधी बाहेर येतच नाही. त्याला कुठली जागा राखायची? आणि साहेबलोक काय एकाच वेळी सगळे बघत बसणार आहेत? असं म्हणून त्यांनी सर्वांना वाटायचा सूचनांचा कागदही छापला. त्यातली तिसरी सूचना होती: लॅपटॉप चार्जरला लावून ठेवावा व आपोआप बंद होण्याची सोय काढून टाकावी.

दसरा उजाडला. कारखान्यात सुट्टी होती, फक्त दोन नंबरच्या रिअ‍ॅक्टरची बॅच अर्ध्यावर होती म्हणून तेवढा चालू. गेटपासून पंपापर्यंत सगळीकडे झेंडूच्या माळा लागल्या होत्या. हरिचंद्र सकाळी सहापासून बोर्डवर होता, पण त्याने तेवढ्यातही खाली चक्कर मारून एका जुन्या हातव्हॉल्व्हच्या चाकाला कुंकू लावून वर फूल ठेवलं होतं. थंड पाण्याच्या मुख्य लाइनला वळसा घालून जाणारी ती जुनी लाइन. नवी यंत्रणा आल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. एकटा हरिचंद्र दर शनिवारी चाकाला ग्रीस लावी.

"त्याची कसली पूजा करतोस?" दिनानाथ हसून म्हणाले. "तो आता फक्त रंगवायच्या कामाचा."

"असू द्या साहेब. जुना मानूस हाय," हरिचंद्र म्हणाला.

मुहूर्त दहा बेचाळीसचा होता. दहा एकेचाळीसपासून ग्रुपवर फोटो पडायला लागले. उल्हासनगरला शेठच्या हॉलमध्ये एकाच चौरंगावर दोन लॅपटॉप, एक हेमचंद्र शेठचा आणि एक चिरंजीव सनीचा, मधे हातभर अंतर. एकाच खोलीतून एकच प्लांट बघायला दोन जागा खर्ची पडल्या होत्या, पण बापलेकांना एकच लॅपटॉप पुरेल असं सुचवणार कोण? मग हरेश सरांचा फोटो आला, मग अंबरनाथ पूर्वेहून जिज्ञासा मॅडमचा. सगळ्यांच्या लॅपटॉपवर हळदकुंकू, फूल, पुढे पेढा, आणि पडद्यावर दोन नंबरचा रिअ‍ॅक्टर जसाच्या तसा.

दिनानाथांना वाटलं, ज्याच्यामुळे हे सगळं चाललं त्या बोर्डाचीही पूजा व्हायला हवी. हळद ओली होती. चालू मशीनला ओला हात कसा लावायचा? एकतीस वर्षं त्यांनी सगळ्यांना हेच शिकवलं होतं. त्यांनी बोर्ड बंद केला.

हरिचंद्र उठूनच उभा राहिला. "साहेब, बॅच ऐंशीला पोचंल आता. बंद कशाला केलात?"

"दोन मिनिटं रे. आतला कंट्रोलर त्याचं काम करत असतो. हा नुसता पडदा."

हे खरंच होतं. पण ऐंशी अंशाला पोचल्यावर कंट्रोलर वाफ बंद करून एक प्रश्न विचारतो, थंड पाणी सुरू करायचं का, आणि बोर्डवरच्या माणसाने होय म्हणेपर्यंत थांबून राहतो. आतल्या मालाची स्वतःचीच उष्णता असते, ती वाफ बंद झाली म्हणून थांबत नाही. एकशेपाचला गेलं की दुसरी यंत्रणा सगळा माल खालच्या टाकीत सोडून देते. माणसाला धोका नाही, पण बॅच मातीत जाते, आणि मातीत गेलेल्या बॅचचा जाब बोर्डमनला विचारतात.

दिनानाथांनी यथासांग कुंकू लावलं, फूल वाहिलं, नमस्कार केला आणि बोर्ड चालू केला. पडद्यावर पाटी आली: सर्व जागा भरलेल्या आहेत. कृपया नंतर प्रयत्न करा.

ते धावत शेजारच्या सर्व्हरच्या खोलीत गेले. तिथून प्लांट हलवता येत नसे, पण आत कोण आहे ते दिसे आणि नावावर टिचकी मारून त्याला बाहेरही काढता येई. यादीत पाच नावं होती. चार त्यांना ठाऊकच होती. पाचव्या नावाशी, म्हणजे स्वतःच्याच नावाशी, त्यांची नजर आली आणि भाजल्यासारखी मागे सरली. खरवईला मालिनीवहिनींनी दहा बेचाळीसला, बरोब्बर मुहूर्तावर, कागदावर लिहून दिलेला पासवर्ड टाकला होता. बोर्ड बंद झाला म्हणून एक जागा मोकळी झाली होती, आणि ती त्यांनी पटकावली होती.

आता खरं तर करायचं काय ते उघड होतं. एक टिचकी. पण तिकडे व्याही पाटावर बसले असतील, नुकतीच ओळख करून दिली असेल, आणि तेवढ्यात पडदा काळा झाला तर? दिनानाथांना वाटलं, ह्या चौघांपैकीच एखाद्याने दोन मिनिटं बाहेर यावं. विनंती केली तर कोण नाही म्हणेल? स्वतः कधी नाही न म्हणणाऱ्या माणसाचा हा एक भाबडा समज असतो.

"एक्याऐंशी असंल आता," हरिचंद्र दारातून म्हणाला. खालच्या जुन्या काटेवाल्या मापकावर नजर ठेवायला त्याने पंपवाल्या काशीला उभं केलं होतं, आणि ती खालून ओरडून आकडे सांगत होती.

दिनानाथांनी आधी शेठना फोन लावला. शेठ खुशीत होते. "कर्णिकजी, बहोत बढिया! पडद्यावर आता काहीतरी पिवळं पण आलंय, होय-नाही असं. माझी आई म्हणते, फार सुंदर दिसतंय."

"शेठ, तेच. आपण दोन मिनिटं लॅपटॉप बंद करता का? किंवा सनीबाबांचा?"

पलीकडे कुजबूज झाली. मग शेठ परत आले. "आई म्हणते, पूजेत ठेवलेल्या चीजला आज हात लावायचा नाही. उद्या सकाळी उचलायची. सनीचा पण त्याच चौरंगावर आहे. आणि बंद करू नका असं तर तुम्हीच लिहिलंय ना कागदावर? नंबर तीन."

"हो शेठ," दिनानाथ म्हणाले.

"पंच्याऐंशी!" खालून काशीचा आवाज आला.

हरेश सरांचा फोन तिसऱ्यांदा उचलला गेला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "कर्णिक, डोकं ठिकाणावर आहे का? शेठ आत आहेत आणि मी बाहेर पडू? शेठच्या पडद्यावर माझं नाव गेलेलं दिसेल. जिज्ञासा मॅडमना काढा." मॅडम देवळाच्या रांगेत उभ्या होत्या, घराला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये. "सर, तुम्ही मला टाकूच नका बाहेर, प्लीज," त्या म्हणाल्या. "माझ्या मिस्टरांनी फोटो सगळ्या नातेवाईकांना पाठवलाय. सगळे संध्याकाळी बघायला येणार आहेत."

त्यांना टाकता आलं असतं. चौघांपैकी कुणालाही टाकता आलं असतं. दिनानाथांचं बोट एकेका नावावर जाऊन थांबलं. एकावर शेठ होते, दुसऱ्यावर शेठचा मुलगा, तिसऱ्यावर गणपतीच्या मूर्तीखालचा अर्ज, आणि चौथ्यावर तो अर्ज पुढे जिच्याकडे जाणार ती बाई. प्रत्येक पडद्यावर तो पिवळा प्रश्न लुकलुकत होता. चार घरांतली डझनभर माणसं तो हौसेने बघत होती आणि त्यातल्या एकालाही होय म्हणायचा हक्क नव्हता.

"साहेब, चार झाले," हरिचंद्र म्हणाला. "पाचवा कोन हाय?"

दिनानाथ पडद्यापुढून बाजूला सरकले. हरिचंद्र दोन पावलं आत आला. त्याने यादी वरून खाली वाचली, पाचव्या नावापाशी थांबला, मग मागे कंट्रोल रूममधल्या बोर्डाकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर दिनानाथांना सोसलं असतं.

"तवर मी खाली जातो," एवढंच तो म्हणाला, आणि हातमोजे न घेताच जिना उतरला.

दिनानाथांनी घरी फोन लावला. मालिनीवहिनींचा आवाज नुसता ओसंडत होता. "अहो, व्याही बघतायत! त्यांना तो तांबडा आकडा इतका आवडलाय. वाढतोय बघा, ब्याण्णव!"

"मालिनी, बंद कर तो."

"आता? पूजेतला? भरल्या घरात? काहीतरीच काय बोलता, दसऱ्याच्या दिवशी?"

दिनानाथांनी फोन खाली ठेवला. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती अशी काही वाटली की घरी, दारी, व्याह्यांत कुठेही झाली नसती इतकी नाचक्की त्यांची त्या रिकाम्या खोलीत झाली. सव्वीस वर्षं ज्याच्या डब्यातली सुकटीची चटणी खाल्ली, त्याचीच जागा उचलून आपण घरी पाटावर मांडली. त्यांनी पाचव्या नावावर बोट ठेवलं. सर्व्हरने विचारलं, नक्की काढायचं? त्यांनी होय म्हटलं.

बोर्ड उघडला. ते धावत जाऊन खुर्चीत बसले, पिवळ्या प्रश्नालाही होय म्हणाले, आणि मग त्यांनी आकडा बघितला. चौऱ्याण्णव. बघताबघता त्र्याण्णव. नव्या यंत्रणेचा व्हॉल्व्ह अजून अर्धाही उघडला नव्हता. पाणी आधीच सुरू झालेलं होतं.

हरिचंद्र वर आला तेव्हा त्याचे दोन्ही तळवे हिरवे झाले होते. दोन वेळा रंगवलेलं चाक रंगानेच चिकटलं होतं. अंगठ्याजवळची कातडी सोलवटली होती.

"फिरला?" दिनानाथांनी विचारलं.

"फिरनार नाय तं काय. ग्रीस हाय ना त्याला." तो हात पुसत म्हणाला, "फूल बाजूला ठेवला नि फिरवला."

ग्रुपवर तोपर्यंत दिवाळी चालू झाली होती. हरेश सरांनी लिहिलं होतं, ऐतिहासिक क्षण, तापमान वर गेलं आणि आपोआप खाली आलं, सर्वांनी घरबसल्या पाहिलं. खाली अंगठ्यांची रांग. पाठोपाठ त्यांचा फोनही आला. "कर्णिक, मान गये! मी घाबरलोच होतो तुमच्या फोनने. पण लॉगमध्ये बघा, चौऱ्याण्णवला उतरायला लागलं तोवर ऑपरेटरने एक बटण दाबलेलं नाही. रिपोर्टमध्ये तेच वाक्य टाका. 'ऑपरेटरच्या हस्तक्षेपाशिवाय.' शेठना उद्या दाखवतो. आणि तुमच्या अर्जावर उद्याच सही."

खोली शांत होती आणि फोनचा आवाज मोठा होता. हरिचंद्रने सगळं ऐकलं. त्याने खिशातून आपट्याची चार पानं काढली, हिरव्या हाताने दिनानाथांच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. "सोनं घ्या साहेब."

दिनानाथांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हरिचंद्र, तुला एक सांगायचंय. दिवाळीपासून सुट्टीच्या दिवशी बोर्डवर माणूस..."

"माहीत हाय मना."

"कुणी सांगितलं?"

"कोनी नाय. जिज्ञासा मॅडमनी माझा जन्मतारखेचा कागद मागवला. सव्वीस वर्सांत कोनी मागला नव्हता." तो खुर्ची पुसायला लागला. "तुमी सांगाल म्हनून थांबलो व्हतो."

दिनानाथांनी आपट्याची पानं खिशात ठेवली. ते बोर्डकडे वळले. बोर्डावर एक सोय होती, जी आजवर कुणी वापरली नव्हती. बोर्डमनने एखादी ओळ लिहिली की ती तेव्हा आत असलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर लाल पट्टीत उमटे, आणि सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्येही, जाई. ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर ज्याने त्याने 'वाचलं' म्हणून बटण दाबेपर्यंत ती पट्टी हटत नसे, आणि दर मिनिटाला एकदा टिंग वाजे. दिनानाथांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं: बोर्ड बंद असताना हरिचंद्र यांनी खाली जाऊन थंड पाण्याचा व्हॉल्व्ह हाताने उघडला. बॅच वाचली.

"नाव कशाला?" हरिचंद्र म्हणाला.

"असू दे," दिनानाथ म्हणाले, आणि ओळ पाठवून दिली.

मग त्यांच्या ध्यानात आलं. बटण दाबायचं म्हणजे लॅपटॉपला हात लावायचा. आणि आज हात लावायचा नव्हता.

त्या दिवशी उल्हासनगरला शेठच्या हॉलमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत माणसांची रीघ होती. जो येई तो सोनं देई, पेढा खाई, आणि चौरंगावर शेजारी शेजारी टिंग टिंग करणाऱ्या दोन लॅपटॉपांकडे वळून बघे. दोन्हींवर लाल पट्टी, दोन्हींवर तेच नाव. शेठच्या आईला वाचता येत होतं आणि उत्तर मिळाल्याशिवाय गप्प बसायची तिची पद्धत नव्हती. ये हरिचंद्र कौन है, असं तिने पहिल्यांदा शेठना विचारलं, मग सनीला, मग येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला. जिज्ञासा मॅडमचे नातेवाईक संध्याकाळी प्लांट बघायला आले आणि हरिचंद्रच्या चौकशा करून गेले. हरेश सरांनी म्हणे दुपारी लॅपटॉपवर टॉवेल टाकायचा प्रयत्न केला, पण पूजा झाकायची नाही असं त्यांच्या बायकोने ठणकावलं.

संध्याकाळी सहा वाजता, सुट्टीमुळे हरिचंद्रची दुसरी शिफ्टही चालू असताना, कंट्रोल रूमचा फोन वाजला. शेठ स्वतः होते. त्यांना कर्णिक नको होते, हरिचंद्र हवा होता. हरिचंद्र उभा राहून बोलला. "व्हय शेठ. हातानीच. नाय, लागला नाय जास्त. आईसायबांना नमस्कार सांगा." फोन ठेवून तो परत खुर्चीत बसला आणि आकडे लिहायच्या वहीत आकडे लिहायला लागला.

खरवईला मालिनीवहिनी फुरंगटून बसल्या होत्या. व्याह्यांसमोर पडदा काळा झाला तो झालाच, वर सोसायटीत कळलं की बाकी सगळ्या साहेबांच्या घरी लाल पट्टी आली आणि आपल्याच घरी नाही. "एवढं सगळं तुम्ही करून दिलंत, आणि आपणच बाहेर?" त्यांनी विचारलं. "हो," दिनानाथ म्हणाले आणि जेवायला बसले. त्या दिवशी मात्र घास सरळ घशाखाली उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनानाथांनी आधी सर्व्हरच्या खोलीत जाऊन यादीतलं पाचवं नाव पुसलं, बोर्डापुढचा आकडा बदलून एक केला आणि जागा राखून ठेवणारी खूण पुन्हा लावली. एक बोर्ड, दोन शेठ, आणि पुढे ज्याचा त्याचा क्रम. मग हरेश सरांचं बोलावणं आलं. टेबलावर अर्ज होता, मूर्तीखालून बाहेर काढलेला, शेजारी टोपण काढलेलं पेन.

"कर्णिक, शेठच्या आईने माझ्या डोक्याचं भजं केलंय. शेठ म्हणतात, त्या माणसाला कुठे हलवायचं नाही, निदान एवढ्यात तरी. ठीक आहे. पण रिपोर्ट वर जातो, तिथे सगळे लॉग बघतात." सरांनी पेन उचललं. "तो मेसेज लॉगमधून काढता येतो ना?"

दिनानाथांनी विचार केला. काढता येत होता. तो अधिकार कारखान्यात फक्त त्यांनाच होता.

"येतो सर."

"मग काढून टाका."

"नाही," दिनानाथ म्हणाले.

हरेश सरांना आधी वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मान वर केली. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि अर्ज परत गणपतीखाली सरकवला. खाली कंट्रोल रूममध्ये नवी बॅच ऐंशीला येत होती. दिनानाथ जिना उतरून गेले आणि हरिचंद्रच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.